खांबदऱ्यातले पाहुणे

आमच्या घरी कुणी नवा पाहुणा आला की त्याला दोन ठिकाणं दाखवायची रीत होती. एक आमचं वावर आणि दुसरा खांबदरा. वावर बाबा दाखवायचे. उंद्रीच्या बाजारात आमची वांगी लोक नाव घेऊन मागत, त्यामुळे पाहुण्याच्या धोतराला चिखल लागेपर्यंत बाबा त्याला वाफ्यावाफ्यातून हिंडवत. खांबदरा मात्र नारायणकाकाचा. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. त्यानं लग्न केलं नाही, शेतात त्याचं मन कधी रमलं नाही, आणि बाबांच्या मते तो घरात जेवण्यापुरताच होता. शेगावच्या दर्शनाहून परतणारी मंडळी, कॉलेजची पोरं, कधी दगड तपासायला आलेले साहेब लोक, कुणीही यावं आणि काकानं काठी उचलून पुढं चालायला लागावं.

गावामागच्या डोंगरात एक नाला खोल चिरत गेला आहे. आत शिरलं की दोन्ही अंगांना काळ्या दगडाचे खांबच खांब. पाच-सहा कोनांचे, सुतानं आखल्यासारखे सरळ, एकमेकांना खेटून उभे. खळ्यात कडब्याच्या पेंढ्या उभ्या लावाव्यात तसे. कुठं ते वाकले आहेत, कुठं आडवे झाले आहेत, आणि पुष्कळसे तुटून नाल्यात पडले आहेत. एखाद्या पडलेल्या खांबावर गोटा आपटला तर पितळी घागरीसारखा नाद येतो. काकाजवळ त्याच्या दोन गोष्टी असत. ऐकणारा शिकलेला दिसला की तो सांगे, जमीन फाटून आतला तापलेला रस वर आला, तो थंड होता होता तडकत गेला आणि ते तडे अशा कोनात पडले. म्हातारी माणसं असली की सांगे, इथं देवाचं लग्न होतं, मंडपाचे खांब आणून उभे केले, पण मुहूर्त टळला आणि वऱ्हाड तसंच माघारी गेलं. दोन्ही गोष्टी तो सारख्याच विश्वासानं सांगायचा. मला लहानपणी दुसरी आवडे, पुढं पहिली आवडायला लागली.

आता दऱ्याच्या तोंडाशी माहितीचा फलक लागला आहे म्हणतात, जीपही तिथवर जाते. परवा माझ्या भाच्याच्या मुलीनं तिथला फोटो मोबाइलवर पाठवला. खांबांना टेकून मैत्रिणींबरोबर हसत उभी आहे. मी तिचा चेहरा पाहायच्या आधी तिच्या डोक्यावरचा कडा पाहिला. फोटो बोटांनी मोठा करून करून पाहिला. कड्यावर काही लटकलेलं दिसलं नाही, तेव्हा कुठं तिला लिहिलं, छान दिसतेस.

ही गोष्ट घडली त्या वर्षी माझी बारावी झाली होती आणि मी घरीच होते. पुढं शिकायचं मनात होतं, पण बाबांच्या मनात माझं लग्न होतं. आधी दोन ठिकाणची माणसं येऊन, पोहे खाऊन, माझ्या रंगाविषयी काही न बोलता आणि नंतर काही न कळवता निघून गेली होती. दुसऱ्या वेळेनंतर बाबा बाजारात ओळखीच्या लोकांना टाळायला लागले होते. म्हणून अकोल्याकडचं हे ठिकाण आलं तेव्हा घराचा श्वासच अडकला. मुलाचं नाव सुधाकर. सरकारी कचेरीत कामाला. वडील नाहीत, आई आणि थोरला भाऊ. शेगावला दर्शन घेऊन, तिथंच मुक्काम करून, सकाळी जीपनं आमच्याकडं येणार होते.

मायनं आदल्या दिवशी ओटा, अंगण, गोठ्यापर्यंतची वाट सारवून काढली. पुरण पहाटेच शिजायला घातलं होतं. कढीगोळ्यांसाठी डाळ भिजत होती, वांगी बाबांनी स्वतः निवडून आणली होती, सगळी एका मापाची. स्वयंपाकघरात मायच्या बांगड्यांचा आणि पाट्याचा आवाज सोडला तर कुणी बोलत नव्हतं. माय तशीही कमी बोलायची. परक्या माणसांसमोर तर तिचा आवाज मी ऐकलाच नव्हता. पाहुणे ओसरीवर असले की ती दाराच्या आतून ताटं पुढं सरकवायची, एवढंच. त्या दिवशी तिनं मला तिची ठेवणीतली जांभळी साडी नेसवली, निऱ्या बसवल्या, आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "घाबरू नको. ते पाहाले येऊन राह्यले, तूबी पाहून घे."

पाहुणे आले ते उशिरा. सुधाकरची आई, यमुनाबाई, ठेंगण्या, गोऱ्या, गुडघ्यांनी अधू. अंगावर राखाडी लोकरीची शाल. थोरला उंच आणि मोठ्या आवाजाचा, घरातला सगळा कारभार त्याचाच हे बसल्या बसल्या कळत होतं. सुधाकर त्याच्या शेजारी बसला की अर्धाच दिसे. पोहे झाले, चहा झाला, मला नाव-शिक्षण विचारून झालं. बाबा त्यांना वावर दाखवायला उठणार तोच यमुनाबाई म्हणाल्या, "इथं ते देवाच्या मंडपाचे खांब हायेत म्हन्तात. तिथं हात जोडले की जुळून येते म्हन्तात. मले जायचं हाय. पोरगीबी येऊ द्या संगं."

बाबांचा चेहरा अवघडला. लग्न ठरायच्या आधी मुलीनं पाहुण्यांबरोबर डोंगरात जाणं आमच्याकडं कुणी ऐकलं नव्हतं. पण नाही म्हणण्याची ती वेळ नव्हती. काकानं काठी घेतली. आतून मायनं त्याला हाक मारली आणि हळूच म्हणाली, "भाऊजी, सध्या वरतं आग्यामोहोळं हायेत ना?"

"हायेत. पन थंडीत त्या गप राह्यते, वहिनी."

"थंडी कुठं राह्यली आता? ऊन आलं अंगनात."

काकानं उन्हाकडं पाहिलं. "जाऊन लगेच येतो," तो म्हणाला. बाबा ओसरीवरून त्याच्याकडं बघत होते, आणि त्या बघण्यापुढं त्यालाही दुसरं काही बोलता आलं नसतं.

दऱ्याच्या तोंडाशी काका थांबला. वर बोट करून त्यानं कडा दाखवला. खांबांची टोकं जिथं पुढं झुकली होती, त्यांच्या खाली काळी, रुंद, उलटी टांगलेली सुपं असावीत तशी मोहोळं लटकत होती. एक नाही, ओळीनं. मधूनच एखाद्या सुपावरून लाट सरकल्यासारखी हलायची. "आत हळू बोलाचं," काका म्हणाला. "गोटा आपटाचा नाही. बिडी-काडी काही पेटवाची नाही. तेवढं सांभाळलं तं त्या आपल्याकडं ढुंकून पाहत नाही." मग सुधाकरकडं वळून जरा संकोचानं म्हणाला, "साहेब, तुम्ही अत्तर लावलं ना? रुमालानं पुसून टाका थोडं." सुधाकरनं लाजून कान पुसले. मला तो त्या वेळी आवडला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं लोक म्हणाले की मला तो पहिल्यापासून पसंत नव्हता.

आत गारवा होता. पाखरांचाही आवाज नव्हता. एकच बारीक घूं घूं, जी ऐकू येते की नुसती वाटते हे ठरवता येत नव्हतं. काका पुढं, कुजबुजत मंडपाची गोष्ट सांगत. यमुनाबाई माझा हात धरून, पडलेल्या खांबांवरून पाय जपून टाकत. थोरल्याला कुजबुज जमत नव्हती. "हे एवढे दगड कोनं उचलले असतीन बे?" असं तो भावाला विचारी आणि आवाज दोन्ही कड्यांवर आदळून परत येई. दरवेळी काका मान वर करून बघायचा. त्याच्याबरोबर मीही. मग मला दऱ्याचं काही दिसेनासंच झालं, मी वरच बघत चालले.

खांबांच्या सगळ्यांत मोठ्या भिंतीपाशी पोचल्यावर यमुनाबाईंचे गुडघे बोलायला लागले. त्या एका आडव्या खांबावर टेकल्या. पुढं वळणावर पाण्याचं कुंड आहे. वाट ओली आहे का बघून येतो म्हणून काका तिकडं गेला. जाताना पुन्हा म्हणाला, "मायबाई, हात जोडा फक्त. धूर नका करू."

काका वळणाआड गेल्यावर यमुनाबाई थोरल्याला म्हणाल्या, "एवढ्या दूर आलो, देवाले उदबत्तीबी नाही दाखवाची का?"

"त्याचं काय ऐकता?" थोरला म्हणाला. "एक उदबत्तीनं काय होते?" आणि पिशवी घेऊन तो भिंतीच्या बुडाशी गेला.

मी म्हणायला हवं होतं, म्हणालेही, "काकानं नको म्हटलं हाय." पण पाहायला आलेल्या मुलीचा आवाज तो, मलाच धड ऐकू आला नाही. सुधाकरनं ऐकला असावा. तो हसून म्हणाला, "दादा कोनाचं ऐकत नाही." मग जरा थांबून, "तुम्हाले पुढं शिकाचं हाय का?" असं त्यानं विचारलं. तोपर्यंत मला पाहायला आलेल्या कुणी हे विचारलं नव्हतं. मी हो म्हणाले. तो म्हणाला, "मग शिका ना. मी नाही नाही म्हननार." त्याच्या खांद्यामागं मला धुराची एक रेघ सरळ वर जाताना दिसत होती. नुसती उदबत्ती नव्हती. थोरल्यानं धूपही पेटवला होता. दऱ्यात वारा नव्हता. रेघ कुठंही न मोडता खांबाखांबानं वर चढत गेली.

घूं घूं बदलली. आधी ती कानाला होती, आता दाताला लागायला लागली. वरचं एक सूप एकदम उलगडलं. काळं कापड झटकावं तसं ते पडलं आणि पडता पडता त्याचं कापड राहिलं नाही, सगळा दरा भरून गेला. वळणापलीकडून काकाचा ओरडा आला, "निजा! आहे तिथं निजा! अंगावर घ्या काही!" थोरला दोन्ही हात डोक्यावर मारत काकाच्या आवाजाकडं पळाला. काकानं त्याला कुंडात ओढलं आणि दोघं नाकापर्यंत पाण्यात बसून राहिले, हे मला नंतर कळलं.

इकडं आम्ही तिघं. यमुनाबाईंनी सुधाकरचं मनगट धरलं होतं. त्यानं हात हिसडला. त्या बसल्या जागेवरून खाली आल्या, गुडघ्यांवर. तो पळाला. थोडं जाऊन त्यानं एकदा मागं वळून पाहिलं. आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आमची नजर मिळाली. आणि मग तो दऱ्याच्या तोंडाकडं धावत सुटला.

त्याच्या पळण्याचा राग मला तेव्हा आला नाही, आजही नाही. माझेसुद्धा पाय पळायलाच उठले होते. डोळ्याखाली पहिला डंख बसला आणि डोक्यातून विस्तव गेल्यासारखं झालं. पण ती बाई माझ्या पायाशी होती आणि तिनं माझी निरी धरली होती, घट्ट, बुडणाऱ्या माणसासारखी. दोन पडलेल्या खांबांच्या मधे एक सांद होती. मी तिला खांद्याला धरून त्यात लोटलं, तिची शाल तिच्या डोक्यावरून ओढली, आणि स्वतः त्या सांदीच्या तोंडाशी पालथी पडले, तोंड तिच्या पदरात खुपसून. शाल दोघींना पुरत नव्हती. माझी पाठ बाहेर राहिली.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. आधी डंख वेगवेगळे कळत होते, मग सगळी पाठ एकच झाली. केसांत अडकलेल्या माश्या कानाजवळ ओरडल्यासारख्या वाजत होत्या. हलायचं नाही एवढंच डोक्यात होतं, काकानं लहानपणापासून शिकवलेलं. यमुनाबाईंच्या अंगाला धुतलेल्या लोकरीचा आणि कापराचा वास होता. त्यांनी माझ्या कानाशी पहिला शब्द काढला तो, "सुटला का तो?"

मी म्हटलं, "हाव काकू. सुटला."

"देवा," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मी त्यांचं तोंड हातानं दाबलं.

हळूहळू आवाज विरळ झाला, वर गेला. काका दगडांना धरत धरत आला तेव्हा मी त्याला कपड्यांवरून ओळखलं. चेहरा राहिलाच नव्हता. त्याच्या मागं थोरला, ओलाचिंब, एकही शब्द न बोलता. दऱ्याच्या तोंडाशी सुधाकर आम्हाला भेटला. दोन मेंढपाळांना घोंगड्या घेऊन तो आणत होता. त्याची मान सुजून खांद्यात गेली होती. म्हणजे तो पळून लपला नव्हता, मदत आणायला गेला होता, हेही खरं आहे. आईला पाहून तो खाली बसला आणि तिचे पाय धरले. मेंढपाळांनी मला घोंगडीत गुंडाळून बैलगाडीत घातलं.

गावात येईपर्यंत ओसरी माणसांनी भरली होती. उंद्रीहून डॉक्टरला बोलावणं गेलं. त्यानं येऊन सगळ्यांना इंजेक्शनं दिली आणि काकाजवळ बराच वेळ बसून राहिला. कुणाचा जीव गेला नाही, याचंच त्याला नवल वाटत होतं. मग मायनं मला आतल्या खोलीत नेलं, पालथी निजवली, आणि सुरीच्या उलट्या पात्यानं माझ्या पाठीवरचे काटे खरवडून काढायला लागली. खरवडायची, पातं फडक्याला पुसायची, पुन्हा खरवडायची. यमुनाबाईंच्या हातांवरचे थोडे काटे तिनंच आधी काढले होते.

"त्या बाईच्या हातालेच तेवढ्या डसल्या," ती शेवटी म्हणाली. "पाठीले एकबी नाही."

तिनं पातं पुन्हा फडक्याला पुसलं.

"तुह्या पाठीवर जागा नाही सुमे."

पडद्यापलीकडं ओसरीवर थोरल्याचा आवाज परत आला होता. तो सगळ्यांसमोर भावाला विचारत होता, "मी कुंडाकडं होतो, पन तू त आईजवळ होता ना बे? तिले सोडून कसा गेला तू?" मग सुधाकरचा आवाज ऐकू आला, बारीक, पण स्पष्ट. "मी सोडलं नाही, दादा. मी आईले त्या सांदीत घातलं, वरतून शाल टाकली, या पोरीलेबी तिथंच बसवलं. मंग मानसं आनाले पळालो."

मायचं पातं थांबलं.

मी वाट पाहिली. यमुनाबाई ओसरीवरच बसल्या होत्या, माझ्या समोरच्या पडद्याच्या फटीतून त्यांचा सुजलेला हात दिसत होता. त्या काही बोलतील असं मला वाटलं. हात मांडीवरून उचलला गेला, पुन्हा खाली पडला. थोरला मोठ्यानं म्हणाला, "शाबास." लोक कुजबुजले, पोरगा जिगरबाज आहे. मायनं वाकून माझ्या तोंडाकडं पाहिलं. तिनं काही विचारलं नाही. मी उशीत तोंड घातलं आणि दऱ्यात आलं नव्हतं ते रडू तेव्हा आलं.

दुपार कलली. पुरण तसंच पडून होतं. निघायच्या आधी थोरला बाबांना म्हणाला, "पाटील, जे झालं ते झालं. पोरगी धीराची हाय तुमची. तिच्या पायगुनानंच आई वाचली म्हना. आमचा होकार समजा." बाबांचे डोळे भरून आले. इतक्या महिन्यांनी त्यांची मान ताठ झालेली मी फटीतून पाहिली. त्यांनी आत हाक दिली, "साखर आना."

माय उठली. साखरेच्या डब्याकडं गेली नाही. पदर डोक्यावर घेऊन ती दाराच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली, सगळ्या माणसांच्या समोर. "साखर थांबू द्या," ती म्हणाली. "आधी पोरीले इचारा."

बाबांनी तिच्याकडं असं पाहिलं की जणू घरात कुणी परकी बाई शिरली आहे. काहीच सुचेना तेव्हा त्यांनी मला हाक मारली. मी घोंगडी पांघरून, भिंत धरत बाहेर आले. एक डोळा मिटला होता. दुसऱ्यानं मला सगळे दिसले. सुधाकर जमिनीकडं बघत होता. यमुनाबाई माझ्याकडं बघत होत्या आणि त्यांच्या नजरेत काय होतं ते मला कळलं. त्या मला गप्प राहायला विनवत होत्या. मी बोलले असते तर त्या पोराला त्या भावासमोर पुन्हा उभं राहता आलं नसतं.

"सुमे, बोल," बाबा म्हणाले. "काय म्हनाचं तुले?"

"मले हे लग्न नाही करायचं."

"काऊन?"

"ते नाही सांगता येनार, बाबा. पन नाही."

थोरला उठला. "आमच्यात काय कमी हाय ते तं सांगा," तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता जीपकडं निघाला. सुधाकर त्याच्या मागं गेला. जाताना त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, सुटका होती असं मला वाटलं; पण एका डोळ्यानं पाहिलेलं, ते मी खरं मानत नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. गावात म्हणू लागले, एवढ्या काळ्या पोरीला एवढा नखरा. काकाचं दऱ्यात जाणं बाबांनी बंद केलं आणि सगळा दोष त्याच्या डोक्यावर ठेवला. काकानंही तो मुकाट्यानं घेतला. पण बाबांचा खरा राग मायवर होता. मायनं त्यांना वावरात एकदा समजावून पाहिलं. मी मेथीच्या वाफ्यात वाकलेली होते, मला ऐकू आलं.

"जीव घेऊन पळाला पोरगा, त्यात काय गुन्हा झाला?" बाबा म्हणाले.

"पळाल्याचं नाही म्हनत मी," माय म्हणाली. "मागून जे बोलला, त्याचं म्हनून राह्यली."

"तू होती का तिथं? पाह्यलं का तू?"

"पाठ पाह्यली मी पोरीची."

बाबा उठून विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीकडं गेले. त्यानंतर ते मायशी बोलेनासे झाले. काही हवं असलं तर भिंतीला सांगावं तसं सांगायचे, नाहीतर माझ्याकरवी. एका घरात, एका चुलीवरचं खाऊन माणसं किती दिवस न बोलता राहू शकतात हे मी तेव्हा पाहिलं. मायनं तक्रार केली नाही. तिची भाकरी, तिची खुरपणी चालू राहिली. फक्त रात्रीचं ताट बाबांपुढं ठेवताना ती जरा जास्त वेळ तिथं थांबायची.

हरभरा निघाला, होळी होऊन गेली. एक दिवस आम्ही तिघं वांगी तोडत होतो तेव्हा बांधावरून एक बाई हळूहळू येताना दिसल्या. एका हातात पिशवी, दुसरा गुडघ्यावर. यमुनाबाई. एस्टीनं एकट्या आल्या होत्या, फाट्यापासून चालत. बाबांनी टोपली खाली ठेवली आणि गोंधळून हात धोतराला पुसले. मायनं त्यांना सावलीत बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्या बाबांनाच म्हणाल्या, "भाऊ, मी होकार मांगाले नाही आली. एक सांगाचं राह्यलं होतं. त्या दिवशी मले तुमच्या पोरीनं झाकलं. माह्या पोरानं नाही झाकलं. त्यानं हात सोडवला माह्या हातातून."

बाबा टोपलीशेजारी खाली बसले.

त्या माझ्याकडं वळल्या. "तू तव्हाच काऊन नाही सांगतलं सगळ्यायसमोर?"

"तुम्ही होत्या ना तिथं, काकू."

"हाव," त्या म्हणाल्या. "मी होती म्हनून तू चूप राह्यली. अन तो होता म्हनून मी." त्या मातीकडं बघत बसल्या. "त्याच्या बापाच्या मागं थोरल्यानं त्याले लई मारलं वो लहानपनी. खरं बोलाची हिंमतच नाही राह्यली त्याच्यात. वाईट नाही तो. पन तुह्या जन्माले त्याले बांधावं असंबी नाही. माय हावो मी, म्हनून मलेच माहीत."

मग त्यांनी मला पाठमोरी बसायला सांगितलं आणि पोलक्याच्या वरून, मानेखाली जिथं डाग उरले होते तिथं, हात ठेवला. थोडा वेळ तसाच राहू दिला, मग काढला.

सुधाकरचं पुढं काय झालं ते मला नीट माहीत नाही. लग्न झालं, बदलीवर कुठं दूर गेला, एवढं कानावर आलं. माझं सांगायचं तर बाबांनी त्या उन्हाळ्यानंतर मला शिकायला पाठवलं, मी शाळेत शिकवायला लागले, लग्नही झालं, त्या माणसाबरोबर मी चांगले दिवस काढले. काकाला बाबांनी पुन्हा दऱ्यात जायला मोकळीक दिली, पण वर मोहोळं असेस्तोवर तो कुणालाच आत नेईनासा झाला. कितीही मोठा साहेब असो. यमुनाबाईंची आणि माझी पुन्हा गाठ पडली नाही.

त्या दिवशी त्या जेवायला थांबल्या नाहीत. परतीची गाडी चुकेल म्हणाल्या. बाबांनी त्यांची पिशवी उचलली. परक्या बाईबरोबर वाटेनं चालणारे बाबा मी कधी पाहिले नव्हते. यमुनाबाईंच्या गुडघ्यांच्या चालीनं, मधे मधे थांबत, ते फाट्यापर्यंत गेले. माय आणि मी पुन्हा झाडांत वाकलो. ऊन बरंच वर आलं तेव्हा ते परतले. पाय धुतले, निंबाखाली येऊन बसले. मग मायकडं बघून, माझ्याकडं नाही, म्हणाले,

"भाकर आनली का? भूक लागली."

मायनं हातातलं वांगं टोपलीत ठेवलं आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली.